तिरक्या रेघेच्या डावीकडे

"बाई, हे टाइप कुणी केलं असेल?" नववीतल्या त्या उंच मुलीनं विचारलं आणि ती, गेली सव्वीस वर्षं इतिहास शिकवणारी बाई, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तशीच उभी राहिली. प्रश्न अवघड नव्हता. या धड्यावर तिला आजवर नाना प्रश्न विचारले गेले होते. लोक पळून का गेले नाहीत, शेजाऱ्यांना काहीच कसं कळलं नाही, एवढ्या माणसांना मारायला एवढी माणसं मिळाली कुठून. एकदा एकानं, हे परीक्षेला येणार आहे का, असंही विचारलं होतं. सगळ्यांची उत्तरं तिच्याजवळ होती. काही पाठ, काही खरी. पण हा प्रश्न विचारणारीच वेगळी होती. शिक्षकांच्या खोलीत या मुलीला सगळे शंकासुर म्हणत. तास संपायला पाच मिनिटं उरली की हमखास तिचा हात वर जायचा, आणि मग गणिताचे सर घड्याळाकडे बघत दारात ताटकळत उभे राहायचे. आज तिनं हात वर केला नव्हता. पडद्याला नाक लागेल इतकी पुढे झुकून ती बघत होती, आणि प्रश्न बाईंना होता की पडद्याला, तेही नीट कळत नव्हतं.

पडद्यावर एक यादी होती. पाठ्यपुस्तकात ज्यूंच्या संहाराला दीड पान होतं, त्यात एक फोटो, तोही इतका काळपट छापलेला की छावणीचं फाटक कुठलं आणि आभाळ कुठलं ते सांगावं लागे. यंदा तिनं वर्गाला संगणकांच्या खोलीत आणलं होतं. बावीस संगणक, त्यांतले चार कायमचे झोपलेले. परदेशातल्या एका संग्रहालयानं आपले लाखो कागद आणि वाचलेल्या माणसांच्या मुलाखती सगळ्यांसाठी खुल्या केल्या होत्या. तिनं त्यातले काही निवडून दोघादोघांच्या जोड्यांना दिले होते. सुट्टीत तीन आठवडे बसून तिनं ते निवडले होते, आणि फार काही साधेल अशी तिला आशा होती. पहिल्याच तासाला खिडकीजवळची एक जोडी एका म्हातारीची मुलाखत दुप्पट वेगानं लावून बसलेली तिला दिसली. म्हातारी चिमणीसारखी चिवचिवत होती. आईचा हात कुठे सुटला ते सांगत होती. "बाई, दोन तास बारा मिनिटांची आहे," त्या जोडीनं तक्रार केली, आणि ती त्यांच्यावर इतकी चिडली की स्वतःच बोलताना अडखळली. नंतर तिला वाटलं, चिडायचं काय त्यात. आपणही हे सव्वीस वर्षं दीड पानात उरकलं, तो वेग कितीचा होता?

शंकासुरच्या वाट्याला आलेली यादी एका लहान गावातली होती. गाडीत चढवायच्या कुटुंबांची. रकाने सरळ, ओळींमधलं अंतर सारखं, खाडाखोड नावालाही नाही. "किती स्वच्छ टाइप केलंय," शंकासुर म्हणाली. "माझ्या प्रकल्पात याहून जास्त चुका असतात." मग तिनं माउसनं कागद मोठा केला, आणखी मोठा केला, आणि पार खालच्या कोपऱ्यात नेऊन थांबवला. तिथे दोन बारीक अक्षरं होती आणि मध्ये एक तिरकी रेघ. "हे काय आहे?"

"कचेरीतली पद्धत असते ती," तिनं सांगितलं. "डावीकडे मजकूर वाचून दाखवणाऱ्याचं आद्याक्षर, उजवीकडे टाइप करणाऱ्याचं. पुढे काही चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून."

"म्हणजे दोन माणसं होती." शंकासुरनं थोडा वेळ विचार केला. "टाइप करणारा म्हणू शकेल, मी नुसतं ऐकलं. पण वाचणाऱ्यानं तर वाचलंच होतं ना, बाई."

घंटा झाली. खुर्च्या सरकल्या, दप्तरं उचलली गेली, चार झोपलेले सोडून अठरा पडदे एकामागून एक काळे झाले. तिनं हजेरी घेतली होती की नाही तेही तिला आठवेना. जिना उतरताना तिला ऐकू आला तो एका लहान मुलीचा आवाज, खणखणीत, बातम्या देणाऱ्या बाईसारखा मुद्दाम घोटून काढलेला. घर क्रमांक अमुक. नाव अमुक. धंदा अमुक. माणसं इतकी. आणि प्रत्येक ओळीनंतर टाइपरायटरची खडखड, मग रूळ परत सरकल्याचा तो खर्रकन आवाज. आवाज तिचाच होता. नऊ वर्षांची असतानाचा.

घरी जाताना तिनं बस सोडून दिली आणि चालत निघाली. चालताना विचार सरळ होतात असा तिचा समज होता, पण आज ते वाकडेच होत गेले. बेचाळीस वर्षं ही गोष्ट कुठे होती? विसरली होती म्हणावं तर एकही तपशील गेलेला नव्हता. दोन रविवार, दोन्ही सकाळी. अप्पा, म्हणजे तिचे वडील, कचेरीत टंकलेखक होते आणि कचेरीचं मोठं यंत्र त्यांनी काम उरकायला घरी आणलं होतं. जेवणाचं टेबल भिंतीला लावून त्यावर ते ठेवलं होतं. खाली घडी घातलेली चादर, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. तीन कागद, मध्ये दोन कार्बन. शेजारी हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पुलापलीकडच्या वस्तीत घरोघर फिरून कचेरीच्या लोकांनी आणलेला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अप्पांचे डोळे तेव्हापासूनच अधू. मान वळवून चिठ्ठी बघायची, परत कागदाकडे बघायचं, यात त्यांचा वेग मार खायचा. आणि तिला त्याच वर्षी शाळेत मोठ्यानं वाचण्याचं बक्षीस मिळालेलं. "तू वाचतेस का गं?" अप्पांनी विचारलं होतं. विचारलंच होतं, हुकूम केला नव्हता. ती टुणकन उडी मारून बसली होती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीला कशाला बसवता त्यात?" त्यावर अप्पा म्हणाले, "उच्चार सुधारतात." आणि खरंच, अवघड नावांवर ती अडखळत नव्हती. अप्पा मधूनमधून म्हणत, "छान. पुढे."

वस्तीतल्या लोकांकडे कागद नव्हते, किंवा होते ते चालणारे नव्हते. ते बाहेरून आलेले आहेत असं एकाएकी सगळे म्हणायला लागले होते, तिच्या वर्गातली मुलंही. तीन पिढ्या तिथे राहणारे लोक बाहेरचे कसे, हा प्रश्न तिला नंतर, कॉलेजात गेल्यावर पडला. तेव्हा पडला नव्हता. एका बुधवारी ट्रक आले आणि दुपारपर्यंत पुलापलीकडे कुणी उरलं नाही. तिच्या बाकावरची मुलगी शाळेत आली नाही. गुरुवारीही आली नाही. शुक्रवारी वर्गाच्या बाईंनी, "जरा सरकून सरकून बसा, मध्ये जागा ठेवू नका," असं सांगितलं आणि तिच्या शेजारी दुसरी कुणी येऊन बसली. ती बाकावरची मुलगी डावखुरी होती. दोघी एकाच वेळी लिहायला लागल्या की कोपरावर कोपर आपटायचं आणि दोघींची अक्षरं उडायची. तिच्या दप्तराला यंत्राच्या तेलाचा वास यायचा, कारण तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या दुकानात ती मैत्रिणीबरोबर जायची. डोळ्यात भिंग अडकवून ते वर बघायचे तेव्हा त्यांचा एक डोळा माशासारखा मोठा दिसायचा, आणि ते मुद्दाम तसे बघून मुलींना हसवायचे.

दुसऱ्या रविवारी, गठ्ठा निम्म्यावर आला असताना, ती चिठ्ठी आली होती. घर क्रमांक सदतीस. कर्त्याचं नाव. धंदा, घड्याळदुरुस्ती. माणसं पाच. तिनं वाचलं. वाचलं का? की नुसता क्रमांक वाचून थांबली? पुलाच्या कठड्याशी उभी राहून, वाहनांच्या गर्दीत, ती ते आठवायचा प्रयत्न करत राहिली. ती म्हणाली होती, अप्पा, हे घड्याळवाले काका. यंत्र थांबलं होतं. खोलीत एकदम इतकी शांतता झाली होती की आईच्या विळीचाही आवाज थांबल्यासारखा वाटला. मग काय झालं? अप्पा म्हणाले का, पुढे? तिच्या कानात तो शब्द होता, पण तो तर शेकडो वेळा म्हटला गेला होता. त्यातला नेमका तो कुठला, हे कसं सांगणार? ती पुढची चिठ्ठी उचलताना हसली होती, असंही तिला वाटत होतं. का हसली असेल? ओळखीचं नाव छापून येणार म्हणून?

तिनं स्वतःला बजावलं की या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत. सव्वीस वर्षं ती हेच मुलांना सांगत आली होती. प्रत्येक वाईट गोष्टीला त्या संहाराचं नाव द्यायचं नाही, दिलं की दोन्हीकडची माणसं खोटी पडतात. इथे कुणी भट्ट्या पेटवल्या नव्हत्या. ट्रकांनी लोकांना हद्दीपलीकडच्या माळावर नेऊन सोडलं होतं, बस, इतकंच. "इतकंच" हा शब्द मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली. ती घाईघाईनं चालू लागली.

अप्पा आता चौऱ्याऐंशीचे होते. आई जाऊन आठ वर्षं झाली होती, भाऊ दूर, लग्नाचं तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं, घरात दोघंच. काचबिंदूमुळे दिवसातून तीनदा अप्पांच्या डोळ्यांत औषध घालावं लागे. दोन बाटल्या, आणि एकीनंतर दुसरी घालण्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून पडून राहायचं. ती पाच मिनिटं त्यांना सोसवत नसत. त्यात ते बोलत राहायचे, भाजी महागल्याचं, वरच्या मजल्यावरच्यांच्या नळाचं, भावाच्या फोनचं. आठवडाभर ती त्या पाच मिनिटांत त्यांच्या उशाशी बसली आणि आठवडाभर तिनं काही विचारलं नाही. मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं हलताना बघत राहिली. हा माणूस तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडायचा. कुणाचा एक पैसा त्यानं कधी खाल्ला नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिची नखं यानंच कापली. या माणसाला काय विचारायचं आणि कुठल्या तोंडानं? विचारलं तर ते म्हणतील, तूच तर वाचत होतीस.

रविवारी दुपारी पहिली बाटली घालून झाल्यावर ती म्हणाली, "अप्पा, पुलापलीकडच्या वस्तीची यादी तुम्ही घरी टाइप केली होती."

बुबुळं थांबली. "हो," अप्पा म्हणाले. जणू तिनं आज कुठला वार असं विचारलं होतं.

"मी वाचून दाखवत होते."

"हो. मला वाटलं होतं तू विसरलीस. बरंच झालं असं वाटायचं. कॉलेजात तू इतिहास घेतलास ना, तेव्हा मला धास्ती बसली होती. तुझी आई म्हणाली, राजेरजवाडे शिकेल, तुम्ही कशाला घाबरता."

"घड्याळवाल्यांची चिठ्ठी आली तेव्हा मी थांबले होते का?"

"थांबली होतीस. म्हणालीस, ही चूक आहे, अप्पा, हे तर आपले घड्याळवाले काका."

चूक आहे, असं ती म्हणाली होती. हे तिला आठवत नव्हतं. क्षणभर तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं, आणि सैल झालं म्हणून तिला लाज वाटली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, वाच पुढे. आणि तू वाचलंस." अप्पांनी डोळे उघडायला घेतले, तिनं हात ठेवून परत मिटवले. "अजून तीन मिनिटं," ती म्हणाली. ते हाताखाली पडून राहिले. मग, कुणी विचारलं नसताना, बोलू लागले. "दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो होतो. हे तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही. म्हणालो, साहेब, टायपिंगमध्ये चूक झालीय, एक घर दोनदा पडलंय, एक ओळ काढायला हवी. सदतीस नंबर. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. म्हणाला, आकडा वर कळवून झालाय. ओळ काढायची तर काढा, पण तेवढ्याच माणसांचं दुसरं घर घाला. कुठलं घालायचं ते तुम्हीच ठरवा, मी बघणार नाही."

"मग?"

"टेबलावर येऊन बसलो. कागद लावला. वस्तीला लागून आपल्या बाजूला दोनचार घरं होती, त्यांचेही कागद धड नव्हते, मला माहीत होतं. पाच माणसांची दोन होती. संध्याकाळपर्यंत बसलो गं. मग ठरवलं, आपण कोण दुसऱ्याचं नाव घालणारे? आहे तसं राहू द्यावं. आपल्या हातून काही व्हायला नको." अप्पांच्या मिटल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून ओघळ आला, तो औषधाचा होता की कसला, ते तिला कळलं नाही. "एवढी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, माझ्या हातून काही झालं नाही. पण यादी तर माझ्याच हातची होती. एकही चूक नव्हती तिच्यात. साहेब सगळ्यांना दाखवायचा."

तिनं दुसरी बाटली उचलली. पहिला थेंब गालावर पडला. काही बोलायला हवं होतं. तुमचा दोष नाही, असं म्हणता आलं असतं. दोष आहे, असंही. दोन्ही वाक्यं तिच्या तोंडाशी आली आणि दोन्ही तिला शाळेतल्या फळ्यावरची वाटली. "वर बघा," ती म्हणाली, आणि अप्पांनी निमूटपणे वर पाहिलं.

पुढच्या तासाला तिनं संगणक सुरू करू दिले नाहीत. टेबलाला टेकून, हातात खडूसुद्धा न घेता, तिनं मुलांना सगळं सांगितलं. आधी सांगितलं की मी सांगते आहे ते आणि तुम्ही बघता आहात ते एक नाही, दोन्ही मिसळू नका. मग पुलापलीकडची वस्ती, चिठ्ठ्या, रविवार. आपण बातम्यांसारखं वाचायचो हेही सांगितलं. अप्पांचं साहेबांकडे जाणं सांगितलं आणि थांबून पाणी प्यायली. मुलं इतकी गप्प तिनं कधी पाहिली नव्हती, आणि त्या गप्प बसण्याचा तिला भरवसाही वाटत नव्हता. उद्या यातलं निम्मं घरोघरी जेवताना सांगितलं जाईल, परवा मुख्याध्यापक बोलावतील. बोलावू देत.

खिडकीजवळच्या जोडीतल्या एकीनं विचारलं, "ते लोक मेले का, बाई?"

"काही त्याच थंडीत गेले. उघड्या माळावर होते. किती गेले ते कुणी मोजलं नाही. बाकीचे पांगले."

"तुम्ही शोधलं नाही?"

"नाही," ती म्हणाली.

शंकासुरनं आज रीतसर हात वर केला. वही उघडी होती, पेनाचं टोपण काढलेलं होतं. तास संपायला पाचच मिनिटं होती, तरी कुणी हसलं नाही. "बाई, तुमच्या मैत्रिणीचं नाव काय होतं? संग्रहात शोधता येतं तसं आपण शोधू. कुठेतरी असेल ती. एक्कावन्न वर्षांची असेल."

"तिचं नाव," ती म्हणाली, आणि थांबली. तिला वाटलं ते जिभेवरच आहे, फक्त सुटायचा अवकाश. तिनं कोपराला लागणारं कोपर आठवलं. तेलाचा वास आठवला. पेन्सिलीला टोक करताना ती जीभ बाहेर काढायची ते आठवलं, तिच्या निळ्या मोज्यातलं भोक आठवलं, वर्गाच्या बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव आपल्या आधी यायचं की नंतर, तेही आठवायला गेली. आधी. आधी यायचं. मग ते नाव, मग आपलं. बाईंचा आवाज ऐकू आला, त्यानंतरचा "हजर" ऐकू आला, पातळ, किंचित शेंबडा, आणि मधली जागा कोरीच राहिली. अठराही जोड्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले. शंकासुर घाई करत नव्हती. "थांब, सांगते," असं ती दोनदा म्हणाली. मग घंटा झाली, आणि मुलं नेहमीसारखी उठली नाहीत, बसून राहिली, तेव्हा तिलाच सांगावं लागलं, "जा. जा आता."

आज ती बसनं गेली. खिडकीत बसून तिनं नावं म्हणून पाहिली, एक एक, त्या वयाच्या मुलींची त्या काळात असायची ती सगळी, मनातल्या मनात, मग ओठ हलवून. शेजारच्या बाईनं पिशवी आवळून घेतली. एकही बसत नव्हतं. एखादं बसल्यासारखं वाटे आणि मग ध्यानात येई की ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, मागून शुक्रवारी शेजारी येऊन बसलेल्या मुलीचं, किंवा गेल्या वर्षी पास होऊन गेलेल्या कुणाचं.

अप्पा खिडकीशी बसले होते. औषधाची वेळ झाली होती, दोन्ही बाटल्या त्यांनी स्वतःच काढून हाताशी ठेवल्या होत्या. तिनं चप्पलही काढली नाही. "अप्पा," ती म्हणाली, "घड्याळवाल्यांच्या मुलीचं नाव काय होतं?"

अप्पांनी तोंड तिच्याकडे वळवलं. त्यांना आता तिचा आकार तेवढा दिसत असणार, दारातल्या उजेडात. ते विचारात पडले; बोटं गुडघ्यावर हलत होती, दहाही, जुन्या सवयीनं. "घर नंबर सदतीस," ते सावकाश म्हणाले. "वडिलांचं नाव सांगतो. संपूर्ण सांगतो, मधलं धरून. धंदा घड्याळदुरुस्ती. माणसं पाच."

"तिचं, अप्पा."

"तो रकाना नव्हता," अप्पा म्हणाले. बोटं थांबली. मग ते म्हणाले, "तुला ठाऊक असेल, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो."